प्लगिन टाकलं म्हणजे गेम झाला? या चुका टाळा

सुट्ट्या लागल्या की पोरं लॅपटॉप घेऊन येतात, दादा जरा बघा ना एरर येतोय, आणि युनिटीत, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधे, प्रोजेक्ट उघडावा तर असेट्स फोल्डरमधे नुसती प्लगिनच प्लगिन, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड. पोराचा स्वतःचा स्क्रिप्ट शोधावा लागतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे गेमचा जीवच प्लगिनवर टांगून ठेवायचा. जुळे सोलापूरच्या एका पोराला गड्ड्याच्या जत्रेआधी गेम प्ले स्टोअरवर टाकायचा होता. सिद्धरामेश्वरांचा नंदीध्वज तोल सांभाळत मिरवणुकीतनं पुढं न्यायचा, आयडिया एक नंबर. पण काठी तोलायचं सगळं काम कुठल्यातरी तयार फिजिक्स प्लगिनकडं, सोर्स कोड नाही, नुसती डॉट एसओ फाईल, म्हणजे आधीच बिल्ड केलेली लायब्ररी. अपलोड केलं तर प्ले कन्सोल, म्हणजे ॲप अपलोड करायची गुगलची साईट, म्हणतंय 16 केबी पेज साईझचा (मेमरी 16 केबीच्या तुकड्यांत वापरणाऱ्या फोनचा) सपोर्ट नाही. अँड्रॉइड 15 किंवा पुढचं टार्गेट असलेल्या ॲपला 1 नोव्हेंबर 2025 पासून हे लागतंच, आणि तसली लायब्ररी नव्यानं बिल्ड केल्याशिवाय जमत नाही. बिल्ड करणार कोण? विकणारा गायब, मेलला उत्तर नाही. गड्डा भरला, पाळणे हलले, गेम काय आला नाही.

राग याचा येतो की त्या प्लगिनची गरजच नव्हती. युनिटीतच हिंज जॉइंट टू-डी, म्हणजे बिजागरी, आहे, तो काठीच्या बुडाशी लावा, ग्रॅव्हिटी काठी पाडायला बघते, बोट सरकेल तसा उलट्या बाजूनं टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, द्या, झाली डुलणारी काठी. एका संध्याकाळचं काम. पण नाही, व्हिडिओत कुणीतरी दहा मिनिटांत करून दाखवलेलं असतंय ना!

मी नवं प्लगिन आधी रिकाम्या प्रोजेक्टमधे टाकतो आणि थेट फोनवर बिल्ड काढतो, एडिटरमधे चाललं त्याला मी चाललं म्हणत नाही. मग अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके ॲनालायझरमधे (बनलेली ॲप फाईल उघडून दाखवणारं टूल) लिब फोल्डर उघडून अलाइनमेंट बघतो, म्हणजे डॉट एसओ फाईली 16 केबीला जुळतात का ते. किती स्टार मिळालेत ते बघत पण नाही, शेवटचा अपडेट कधीचा आणि शिव्या घालणाऱ्याला डेव्हलपर उत्तर देतोय का, एवढं बघतो.

दुसरी डोक्यात जाणारी चूक, प्लगिनच्या फोल्डरमधे घुसून त्याचाच कोड बदलायचा. पुढं अपडेट येतो, हे इम्पोर्ट दाबतात, केलेलं सगळं पुसलं जातं, वर विचारणार परत आणता येईल का. गिट, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणारं टूल, आहे का? "ते नंतर शिकणार होतो दादा." नंतर कधी, गेम बुडाल्यावर? प्लगिनला हाक मारणारा सगळा कोड एकाच जागी ठेवणारा स्वतःचा एक रॅपर क्लास लिहा, बाकी गेममधनं फक्त त्याच्याशीच बोला, उद्या प्लगिन बदललं तरी एकच फाईल दुरुस्त करायची.

बाकीच्या बारक्या. जाहिरातींचं एक आणि लॉगिनचं एक अशी दोन प्लगिन एकच लायब्ररी वेगवेगळ्या व्हर्जनची आणतात आणि ग्रेडल, म्हणजे अँड्रॉइडचं बिल्ड करणारं टूल, डुप्लिकेट क्लास म्हणून बोंबलतं, त्या लायब्ररीचं एक व्हर्जन काढा. गोडो हे गेम बनवायचं दुसरं सॉफ्टवेअर, त्यात गोडो 3 चं ॲडऑन गोडो 4 मधे तसंच टाकून चालत नाही, गोडो 4 येऊन 2023 च्या मार्चपासून इतके दिवस झाले, तरी अजून विचारतात. युनिटी प्रत्येक असेटसोबत बनवते त्या मेटा फाईली पण गिटमधे टाका.

आणि टेलिग्रामवरनं उचललेलं क्रॅक प्लगिन. त्यातला एडिटर स्क्रिप्ट इम्पोर्ट होऊन कंपाइल झाला की तुमच्या मशीनवर चालू शकतो, प्ले दाबायची पण वाट बघत नाही. असला लॅपटॉप माझ्याकडं आणू नका, पेन ड्राइव्ह तर नकोच.