साबणाच्या वडीच्या कडा कशा तासाव्यात: पीलर, पेटी आणि वेळेचं गणित

लादीतून कापलेली साबणाची वडी कितीही सुबक दिसली तरी तिच्या बाराच्या बारा कडा टोकदार असतात. नवी वडी अंघोळीला घेतली की पहिले दोन-तीन दिवस त्या खांद्याला, पोटरीला बोचतात. वाळायला ठेवलेल्या वडीत सगळ्यात आधी वाळतात त्याही कडाच, कारण तिथे दोन बाजूंनी हवा लागते. मग त्या ठिसूळ होतात आणि कुरिअरच्या खोक्यात वड्या एकमेकींवर आपटल्या की कोपरे उडतात. कारखान्यातल्या वड्या साच्यात ठोकून काढलेल्या असतात, त्यामुळे त्यांची गोलाई साच्यातूनच येते. घरी, थंड पद्धतीने, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी न शिजवता मिसळून केलेल्या साबणाला ती आपण द्यायची.

घरगुती साबण करणाऱ्यांमध्ये हत्यार कुठलं घ्यावं यावर भरपूर बोललं जातं, कधी तासावं यावर फारसं नाही. माझ्या मते महत्त्वाचं आहे ते ‘कधी’. वडीत योग्य तेवढी ओल असेल तर भाजीचं साधं पीलरही सफाईने चालतं. वडी कोरडी पडली असेल तर कडा छाटायची, पातं बसवलेली महागडी पेटीसुद्धा कपचे उडवते.

आधी वडी तपासा

थंड पद्धतीचा साबण साधारण २४ ते ४८ तासांनी साच्यातून निघतो आणि कापता येतो. कापल्याबरोबर लगेच तासायला घेऊ नका. वड्या एकमेकींना न चिकटतील अशा जाळीवर उभ्या ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी हात लावून बघा. अंगठ्याने मधोमध दाबल्यावर खड्डा पडत असेल तर अजून थांबायचं. मग नखाने कडेवरून हलकेच खरवडून बघा. पातळ, सलग कुरळी पट्टी निघाली तर वेळ आली. नखाला लगदा चिकटला तर वडी अजून कच्ची आहे, पांढरी भुकटी पडली तर थोडा उशीर झाला.

हे दिवस तेलांवर ठरतात. खोबरेल तेल जास्त असलेला साबण झपाट्याने कडक होतो; तो साच्यातून काढला त्याच दिवशी कापायचा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कडा तासून मोकळं व्हायचं. मीठ घातलेला साबण याहून घाईचा. तो काही तासांतच दगड होतो आणि नंतर सुरी लावली तर फुटतो. त्याच्यासाठी एकेका वडीचा गोल कोपऱ्यांचा सिलिकॉनचा साचाच वापरावा, तासण्याचा प्रश्नच उरत नाही. याउलट ऑलिव्ह तेलाचा साबण आठवडाभर, कधी दहा दिवसही मऊ राहतो. एरंडेल थोडं जास्त झालं असेल तर वडी चिकट असते आणि पातं ओढून धरते.

हवामानही मध्ये येतं. नागपूरकडच्या मे महिन्यात वडीचा बाहेरचा थर एवढा भराभर वाळतो की आतून मऊ असूनही कडा चुरायला लागतात, तेव्हा एक-दोन दिवस आधीच तासून घ्यावं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात नेमकं उलटं होतं. तिथे पंख्याखाली वड्या ठेवा आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा नखाच्या परीक्षेवर जास्त विश्वास ठेवा.

हत्यार कुठलं?

महिन्याकाठी दहा-वीस वड्या करणाऱ्याने पीलरच घ्यावं. भांड्यांच्या दुकानात शंभर रुपयांच्या आत मिळतं. फक्त घेताना पातं हलवून बघा. बटाट्याच्या उंचसखल अंगावर चालावं म्हणून पुष्कळ पीलरांचं पातं डुलतं ठेवलेलं असतं. साबणाच्या सरळ कडेवर तेच पातं लाटा काढतं. आपल्याला घट्ट बसवलेल्या पात्याचं, स्टेनलेस स्टीलचं, शक्यतो इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं पीलर हवं. अल्युमिनियमचं नको, कारण क्षार आणि अल्युमिनियमचं जमत नाही. आणि एकदा साबणाला लावलेलं पीलर परत दुधीभोपळ्याला लावू नका. सुगंधी तेलाचा वास प्लॅस्टिकच्या मुठीत मुरून बसतो आणि तो भाजीत उतरलेला कुणालाच आवडत नाही.

वड्या पन्नासच्या पुढे गेल्या, किंवा त्या विकायच्या असल्या आणि सगळ्या एकसारख्या दिसायला हव्या असल्या, की लाकडी किंवा ॲक्रिलिकची पेटी घ्यावी. तिच्यात एका बाजूला सपाट तळ असतो, त्यात पातं किंचित वर आलेलं असतं. त्यावरून वडी ढकलली की तिचा पृष्ठभाग साफ होतो. दुसऱ्या बाजूला काटकोनातली पन्हळ असते आणि तिच्या तळाशी पातं. वडीची कड पन्हळीत बसवून पुढे सरकवायची, कड ४५ अंशांत छाटली जाते. पेटीचा खरा फायदा म्हणजे कोन आणि खोली हाताच्या कसबावर सोडलेली नसते.

अशी पेटी सुताराकडूनही करून घेता येते. दोन सरळ फळ्या काटकोनात जोडून पन्हळ करायची आणि तळाच्या फटीत कटरचं रुंद पातं आडवं बसवायचं. सुताराला सांगायचा आकडा हा: पन्हळीच्या तळापासून पातं जेवढं वर, त्याच्या दुप्पट रुंद पट्टी वडीवर पडते. पातं दीड मिलिमीटर वर असेल तर ३ मिलिमीटर रुंदीची पट्टी. सुरुवातीला एवढीच पुरे. पातं स्क्रूने बसवायला सांगा, म्हणजे बोथट झाल्यावर बदलता येईल.

विळीवर वडी ओढून कडा काढणारे सराईत हात मी पाहिले आहेत, पण शिफारस करणार नाही. विळीचं पातं वाकडं असतं, साबण निसरडा असतो आणि बोट पात्याच्या वाटेतच असतं. घरात सुताराचा छोटा रंधा असेल तर तो उलटा करून शिकंज्यात घट्ट आवळावा आणि त्यावरून वडी न्यावी. छान चालतो, मात्र पातं आधी चकचकीत पुसलेलं हवं, नाहीतर पांढऱ्या वडीवर गंजाचे डाग उतरतात.

प्रत्यक्ष तासताना

हातमोजे घाला. साबणीकरण, म्हणजे तेल आणि क्षार मिळून साबण होणं, बरंचसं पहिल्या एक-दोन दिवसांत होत असलं तरी ताजी वडी त्वचेला कोरडी आणि जहाल लागते, आणि मोज्यांमुळे वडीवर बोटांचे ठसेही उठत नाहीत. टेबलावर वर्तमानपत्राऐवजी बटर पेपर पसरा; कीस गोळा करायचा आहे, त्याला शाई लागायला नको.

पृष्ठभाग रंधायचा असेल तर तो आधी रंधून घ्या, कारण कडा काढल्यावर पृष्ठभाग तासला तर त्या पुन्हा धारदार होतात. नाव किंवा नक्षीचा ठसा उमटवायचा असेल तर तोही पृष्ठभाग साफ झाल्यानंतरच.

आता कडा. पीलर वापरताना नवखे लोक नुसत्या मनगटाने ते ओढतात, तसं करू नका. वडी टेबलावर ठेवा, पीलरचं पातं कडेवर ४५ अंशांत टेकवा, कोपर अंगाशी धरा आणि वडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दमात या. मनगट हललं की कोन बदलतो. पूर्ण हात सरकला पाहिजे. मध्ये थांबलात तर थांबल्या जागी आडवी रेघ उमटते आणि ती काही केल्या जात नाही. पहिला हात अगदी हलका, केसाएवढी पट्टी निघेल इतका. मग त्याच वाटेवरून दुसरा. दोन-तीन हलके हात एका जोराच्या हातापेक्षा केव्हाही बरे.

क्रम पाळा: आधी आखूड कडा, मग लांब कडा. पातं कडेच्या शेवटी बाहेर पडताना तिथला छोटा कपचा उडण्याची शक्यता असते. आखूड कडा आधी काढल्या तर तो कपचा पुढच्या लांब कडेबरोबर छाटला जातो. उलटा क्रम धरला तर तो तसाच दिसत राहतो. आठ कोपरे सगळ्यात शेवटी, पात्याचा नुसता स्पर्श करून. वरच्या बाजूला लाटांची नक्षी किंवा गुलाबाच्या पाकळ्या लावल्या असतील तर त्या कडांना हात लावू नका, त्यांचं सौंदर्य ओबडधोबडपणातच असतं.

दोन रंगांच्या वडीत पातं कुठून कुठे न्यायचं याला महत्त्व आहे. कोळशाचा काळा आणि पांढरा थर असेल तर पांढऱ्याकडून काळ्याकडे ओढा. काळ्यावर पांढरा ओघळ फारसा दिसत नाही, उलट केलं तर पांढरा भाग राखाडी होतो. प्रत्येक कडेनंतर पातं कोरड्या फडक्याने पुसा. उटणं, खसखस, ओट्स किंवा कॉफीचा चोथा घातलेल्या वडीत दाणा पात्याखाली अडकतो आणि चर पाडत जातो. तिथे पट्टी पातळ ठेवायची आणि चर पडलाच तर मोजे घातलेल्या अंगठ्याने कडेवरून दाबून फिरवायचं. साबण अजून मऊ असल्याने तो बुजतो.

तासून झाल्यावर प्रत्येक कडेवरून एकदा अंगठा फिरवा. पात्याने सोडलेली बारीक रेघ यात मोडते आणि कडेला हलकी चकाकी येते.

किती तासायचं?

इथे हात आवरायला हवा. साडेसात सेंटिमीटर लांब, साडेपाच रुंद आणि अडीच जाड अशी वडी धरली तर तिच्या बारा कडांची एकूण लांबी ६२ सेंटिमीटर भरते. दोन्ही बाजूंनी २ मिलिमीटर आत येईल अशी कड काढली तर जेमतेम सव्वा ग्रॅम साबण जातो. ३ मिलिमीटरला जवळपास ३ ग्रॅम आणि ५ मिलिमीटरला तब्बल ८ ग्रॅम. म्हणजे पट्टी अडीचपट आत गेली की वाया जाणारा साबण सहापटीहून अधिक. मी २ ते ३ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. तेवढ्याने बोचणं थांबतं आणि वडी हातात नीट बसते, पुढचं सगळं हौसेपोटी.

वड्या विकत असाल तर वजनाचा हिशेब तासल्यानंतर आणि पूर्ण वाळल्यानंतरचा धरा. पाकिटावर निव्वळ वजन छापावं लागतं, आणि चार ते सहा आठवडे वाळताना पाणी उडून वडी आणखी हलकी होते. १०० ग्रॅम लिहायचं असेल तर कापतानाच तेवढी जागा सोडा.

बिघडलं तर

कडा चुरत असतील तर वडी जास्त वाळली आहे. अशा वेळी पातं बाजूला ठेवा. सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि कडेवरून पाच-सहा वेळा फिरवा. धार मोडून गोलाई येते. पात्यासारखी सरळ पट्टी नाही येणार, पण अंघोळीला उत्तम. त्यानंतर वडी एक दिवस उघडी वाळू द्यावी, ओली गुंडाळू नये. वडीवर सोड्याची पांढरी पूड धरली असेल तर तीही याच फडक्याने बऱ्यापैकी निघते.

पट्टी तुटक निघत असेल तर पातं बोथट झालंय. वडी पात्याला चिकटत असेल तर आणखी दोन दिवस थांबा, घाई करून काही मिळत नाही. ग्लिसरीनचा तयार बेस वितळवून केलेल्या वड्यांना मात्र थांबण्याची गरज नाही. त्या गार झाल्या की लगेच तासता येतात, निघालेला कीस पुन्हा वितळवता येतो. त्यांना हवेतली ओल धरण्याची खोड असल्याने तासल्यावर लगेच घट्ट गुंडाळाव्यात.

थंड पद्धतीच्या साबणाचा कीसही टाकू नका. एका वासाचा एका डब्यात जमवा. मऊ असतानाच मुठीत दाबून लाडू वळा आणि वड्यांबरोबरच चार-सहा आठवडे वाळवा; हात धुवायला बेसिनवर ठेवता येतात. रंगीत कीस असेल तर पुढच्या पांढऱ्या लादीत ओतायच्या आधी मिसळा, कापल्यावर ठिपके सुरेख दिसतात. फक्त एकूण मिश्रणाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त नको, नाहीतर कापताना लादी भुसभुशीत होते.

काम संपल्यावर पातं कोमट पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा. लाकडी पेटी मात्र पाण्यात बुडवू नका, जुन्या टूथब्रशने कीस झाडा आणि सावलीत वाळवा. पावसाळ्यात लाकूड फुगून पन्हळ आवळली जाते, म्हणून जूनच्या आधी पेटीला जवसाच्या तेलाचा एक हात द्यावा आणि पातं काढून वेगळं, कोरड्या डब्यात ठेवावं.