टाकीतल्या श्रिम्प एकाएकी मरतायत? या चुका टाळा

“काल रात्रीपर्यंत छान चरत होत्या, सकाळी बघते तर चार मेलेल्या. पाणी तर एकदम नितळ आहे!” घरच्या टाकीत नव्याने श्रिम्प, म्हणजे गोड्या पाण्यातली इवलीशी कोळंबी, पाळणाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: गेल्या आठवड्यात टाकीत काय काय बदललं? उत्तर येतं, “काहीच नाही.” मग जरा खोदून विचारलं की एकेक गोष्ट बाहेर पडते. परवा अर्धं पाणी बदललं. नवीन झाड लावलं. फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले म्हणून औषध घातलं.

यातली प्रत्येक गोष्ट श्रिम्पच्या दृष्टीने मोठी उलथापालथ आहे. पाण्याचे आकडे थोडे कमी-जास्त असले तरी चेरी श्रिम्प (पाळली जाणारी लाल रंगाची जात) महिनोन् महिने तग धरते, पिल्लंही देते. तेच पाणी एका तासात बदललं की मरते. म्हणून मी पाण्याचे आकडे विचारण्याआधी ते किती वेगाने हलले ते विचारते.

आधी ती मेली आहे का ते बघा

तळाला पांढुरकं, पारदर्शक, आतून पोकळ काहीतरी पडलेलं दिसलं तर ती टाकलेली कात आहे. मेलेली श्रिम्प पारदर्शक राहत नाही, दुधाळ किंवा गुलाबी होते आणि आत मांस दिसतं. कात उचलून फेकू नका. त्यातलं कॅल्शियम परत मिळवायला श्रिम्प ती खातात. कात टाकल्यावर एक-दोन दिवस त्या झाडाझुडपात दडून बसतात, त्यामुळे संख्या कमी वाटते. अशा वेळी शोधण्यासाठी टाकी उपसणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका.

खरंच मेली असेल तर कशी मेली ते मला महत्त्वाचं वाटतं. रोज एक किंवा दोन दिवसांआड एक, असं रेंगाळत चाललं असेल तर माझा पहिला संशय कात आणि क्षारांवर जातो. काही तासांत निम्म्या आडव्या झाल्या, पाठीवर पडून पाय झटकायला लागल्या, तर ते विष. सगळ्या वर चढून पाण्याच्या पृष्ठभागाजवळ गोळा झाल्या असतील तर प्राणवायू कमी पडलाय किंवा अमोनिया (विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारं विष) वाढलाय. हे न बघता लोक थेट बादली उचलतात, आणि तिथूनच पुढची चूक सुरू होते.

घाबरून केलेला मोठा पाणीबदल

ही चूक मी स्वतः केली आहे आणि अजून विसरलेले नाही. माझी तीस लिटरची टाकी होती. उन्हाळ्यात पाणी भराभर आटायचं आणि मी नळाचं पाणी ओतून पातळी भरून काढायचे. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मात्र टाकीतच राहतात, वर नळाच्या पाण्यातले नवे क्षार येतात. हे तीन महिने चाललं. श्रिम्प मजेत होत्या, कारण चढण हळूहळू होती.

मग एका रविवारी टाकी लख्ख करायची म्हणून मी अर्धं पाणी काढलं आणि तेवढंच आरओचं, म्हणजे जवळपास क्षार नसलेलं, पाणी एका दमात ओतलं. काढलेलं पाणी कुंड्यांसाठी बादलीत ठेवलं होतं. त्यात सहज मीटर बुडवला तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ४८०. टाकीत मोजला तर २५०. पोटात गोळा आला, पण श्रिम्प व्यवस्थित दिसत होत्या. म्हणून गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी पहिली मेली. डोक्याचं कवच आणि धड यांच्यामध्ये सगळीकडून फिरलेली पांढरी रेघ होती, अंगठीसारखी. मी घाबरले, आणि जे सगळे करतात तेच केलं: “पाणी बिघडलंय” म्हणत आणखी एक तृतीयांश बदललं, तेही आरओनेच. टीडीएस १७० वर आला. पुढच्या आठ दिवसांत अकरा गेल्या, बहुतेकींच्या मानेवर तीच रेघ.

काय झालं ते नंतर समजलं. गोड्या पाण्यातल्या प्राण्याच्या अंगात बाहेरचं पाणी सतत शिरत असतं आणि तो ते बाहेर टाकत असतो. बाहेरचे क्षार एकदम कमी झाले की हा तोल ढासळतो. श्रिम्प वेळेआधी कात टाकायला लागतात, आतलं नवं कवच तयार नसताना. कात नीट निघते तेव्हा कवच पाठीवर फाटतं आणि श्रिम्प एका झटक्यात बाहेर उसळते. ती पांढरी रेघ सगळीकडून गोल फिरली की बाहेर पडायला जोर लावायची जागाच उरत नाही आणि श्रिम्प अर्धवट अडकून मरते. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असेल तरी हेच होतं. कारण रविवारी घडतं आणि मरण बुधवारी येतं, त्यामुळे लोकांना त्यातला संबंध लागत नाही.

तेव्हापासूनची माझी सवय सांगते. आठवड्याला दहा टक्के पाणी, त्याहून जास्त नाही. नवं पाणी आदल्या रात्री त्याच खोलीत बादलीत भरून ठेवते, म्हणजे तापमान जुळतं. टीडीएस टाकीच्या आसपास आणते आणि एअर पंपाच्या बारीक नळीने थेंबथेंब सोडते. अर्धा-पाऊण तास लागतो. आटलेलं पाणी भरून काढायला मात्र फक्त आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी, कारण तिथे क्षार गेलेले नसतात, फक्त पाणी गेलेलं असतं. काचेवर पातळीची चिकटपट्टी लावली आहे, ती एक बोटभर खाली गेली की भरते.

पाणीबदलासाठी नुसतं आरओ कधीच नको. त्यात खनिजं परत घालावी लागतात आणि त्यासाठी श्रिम्पचे क्षार मिळतात. चेरीसाठी मी जीएच (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) ६ ते ८, केएच (पाण्याची आम्लता, म्हणजे पीएच, स्थिर ठेवणारे क्षार) २ ते ४ आणि टीडीएस २०० च्या आसपास ठेवते. क्रिस्टल रेड या दुसऱ्या जातीचं गणित वेगळं: जीएच ४ ते ६, केएच जवळपास शून्य, पीएच सातच्या खाली. या दोघींना एकाच टाकीत कोंबून “एकच मरते, दुसरी जगते, असं का?” असं विचारू नका.

पाणी शुद्ध, आणि तरीही सगळ्या गेल्या

एका मैत्रिणीची टाकी तीन वर्षं जुनी होती. दहा चेरींपासून सुरुवात करून तिने शेकड्याने वाढवल्या होत्या, रंगही असा धरला होता की बघत राहावं. एका दुपारी तिचा फोन आला. रडत होती. सकाळी ठीक होत्या, आता तळ लाल झालाय म्हणाली. मी गेले तेव्हा उरलेल्या उताण्या पडून पाय थरथरवत होत्या. त्याच टाकीतल्या गोगलगायी काचेवर निवांत फिरत होत्या.

अमोनिया शून्य, नायट्राइट (अमोनियापासून बनणारं दुसरं विष) शून्य, तापमान २५ अंश. तिने त्या आठवड्यात टाकीला हातही लावला नव्हता, आणि ते खरं होतं. मला खटकत होत्या त्या गोगलगायी. तांबं असतं तर त्याही गेल्या असत्या. गोगलगायी जिवंत आणि श्रिम्प मेल्या, असं असेल तर मी कीटकनाशक शोधते. श्रिम्प हा कीटकांचा नातेवाईकच, दोघांचीही मज्जासंस्था त्याच औषधाने कोलमडते.

शेवटी उलगडा झाला एअर पंपापाशी. पंपाचा आवाज नको म्हणून तिने तो शेजारच्या खोलीत कपाटामागे जमिनीवर ठेवला होता आणि नळी दाराखालून आणली होती. सकाळी त्या खोलीत झुरळांसाठी फवारा मारला होता. पंप उचलला तर त्याच्या तळाला तेलकट थर. तो पंप दिवसभर तिथली हवा ओढून स्पंज फिल्टरमधून बारीक बुडबुड्यांनी पाण्यात मिसळत होता. टाकीच्या खोलीत फवारायचं नाही हे तिला पक्कं माहीत होतं. पंप कुठली हवा घेतो, हा विचार मात्र कोणाच्याच मनात येत नाही.

पर्मेथ्रिन आणि त्या कुळातली सगळी औषधं कोळंबीवर्गाला अगदी किंचित मात्रेतही मारतात. झुरळांचे फवारे, डास पळवणारी यंत्रं आणि कॉइल, कुत्र्याच्या मानेवर घालायचे पिसवांचे थेंब, यांपैकी बऱ्याच गोष्टींत हीच मंडळी असतात. कुत्र्याला थेंब लावून त्याच हाताने टाकीतलं झाड सरळ केलेलं मी पाहिलंय. माझा पंप आता टाकीच्याच खोलीत, टाकीपेक्षा उंच फळीवर आहे आणि त्या खोलीत डासांचं यंत्र लागत नाही. घरात कुठेही फवारणी असली की तेवढे तास पंप बंद, टाकीवर झाकण आणि खिडक्या उघड्या.

विषाचा संशय पक्का असेल तर मात्र मीही मोठा पाणीबदल करते. टाकीशी जुळवून घेतलेल्या पाण्याने निम्मं बदलायचं आणि फिल्टरमध्ये विष शोषून घेणारा ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घालायचा. मैत्रिणीच्या टाकीतल्या नऊ वाचल्या.

नव्या झाडांची गोष्ट याच जातीची आहे. पाणवनस्पतींपैकी बऱ्याच पाण्याबाहेर वाढवलेल्या असतात आणि त्यांच्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. मी झाड दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवते, पाणी दर दोन दिवसांनी फेकते आणि मगच टाकीत लावते. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत बंद डब्यात वाढवलेली, झाडं घ्यावीत. “नुसतं धुऊन लावलं” हे पुरत नाही.

तांबं

माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची काही औषधं आणि गोगलगायी मारायची औषधं तांब्याची असतात. बाटलीवर कॉपर सल्फेट दिसलं तर ती श्रिम्पच्या टाकीजवळही नको. आजारी माशाला उचलून दुसऱ्या भांड्यात औषध द्या. उलट, खाद्याच्या डब्यावर तांब्याचा अंश लिहिलेला बघून घाबरणारेही आहेत. त्याची भीती नको. श्रिम्पच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्यातच तांबं असतं, खाद्यातला अंश तिला लागतोच.

घाई

टाकी भरली, आठवड्यात श्रिम्प सोडल्या, दुसऱ्या आठवड्यात मेल्या. यावर मला आता खरंच राग येतो, कारण जीव जातात ते त्या प्राण्यांचे. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले जिवाणू घालून “उद्याच तयार” या आश्वासनावर माझा विश्वास नाही. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले तरी मी आणखी थांबते, काचेवर आणि लाकडावर बुळबुळीत थर येईपर्यंत. तोच त्यांचा खरा चारा, विशेषतः पिल्लांचा. माझ्या टाकीत पहिली श्रिम्प दोन महिन्यांनी येते.

पिशवीतून थेट टाकीत ओतणं हीदेखील घाईच. थोड्या वेळापूर्वीच आणलेल्या श्रिम्प असतील तर मी दीड-दोन तास ड्रिप लावते, म्हणजे टाकीतलं पाणी नळीने त्यांच्या पाण्यात सोडते, सेकंदाला दोन-तीन थेंब. पण पिशवी दोन-तीन दिवस प्रवासात बंद होती तर इतका वेळ लावत नाही. बंद पिशवीत श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो आणि साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. अशा वेळी पिशवीतलं बरंचसं पाणी आधी काढून टाकते आणि तासाभरात आटोपते.

बाकीच्या चुका थोडक्यात. फिल्टरचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली नाही. खाद्य दोन तासांत संपलं नाही तर काढून घ्या. क्लोरीन रात्रभरात उडतं, काही ठिकाणी नळाच्या पाण्यात त्याऐवजी असलेलं क्लोरामिन उडत नाही, म्हणून क्लोरीन काढायचं औषध हाताशी हवंच. साबण किंवा क्रीम लावलेला हात टाकीत नको. पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, तेव्हा वीज गेली तर बॅटरीवरचा पंप जीव वाचवतो. चेरी श्रिम्पचं आयुष्यच एक ते दोन वर्षांचं, त्यामुळे टपोऱ्या, पूर्ण वाढलेल्या घेण्याऐवजी मी अर्ध्या वाढलेल्या निवडते. आणि सगळ्या एकदम सैरावैरा पोहायला लागल्या तर लगेच पाणी बदलू नका. एखाद्या मादीने नुकतीच कात टाकली की नर तिला शोधत असेच पोहतात.

मरणं थांबल्यावर लगेच नव्या दहा आणून रिकामी जागा भरायची घाई होते. मी तेव्हा थांबते. उरलेल्यांपैकी एखादी मादी पोटाखाली अंडी धरते का ते बघते. अंडी फुटायला साधारण महिना लागतो. त्या महिन्यात तिने अंडी टाकून दिली नाहीत आणि काचेवर तांदळाच्या कणीएवढी पिल्लं दिसली, की मगच नव्या श्रिम्पसाठी बादली आणि नळी बाहेर काढते.