संपादकाच्या टेबलावर वऱ्हाडी कथा

तालुक्याच्या गावी राहून लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की पाठवायचं कुठं? दैनिकांच्या रविवार पुरवण्यांत शब्दमर्यादा कडक, मोठ्या दिवाळी अंकांची बरीचशी पानं निमंत्रितांनी आधीच भरलेली. उरतात ती लहान वाङ्मयीन नियतकालिकं. मी वऱ्हाडातून लिहितो आणि माझं जे काही छापून आलं, त्यातलं बहुतेक अशाच त्रैमासिकांत आलं. म्हणून नव्यानं लिहिणाऱ्यांसाठी हे थोडं.

अंक लहान म्हणजे निकष सैल, हा समज आधी सोडा. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी १९५४ मध्ये 'शब्द' हा अंक सुरू केला तो सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढून. साठच्या दशकात अशोक शहाण्यांचं 'असो' निघालं. गंगाधर पानतावणे यांनी तेव्हाच्या औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' चालवलं, दलित लेखकांना लिहितं केलं, मेळावे भरवले. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटलांनी 'कवितारती' कवितेला वाहून काढलं. यातलं काहीच मोठ्या खपावर उभं नव्हतं. जिथं कागदाचा खर्च संपादक वर्गणीतून आणि प्रसंगी खिशातून भागवतो, तिथं तो एकेक पान जपून देतो.

तेव्हा पाठवण्याआधी मागचे तीन-चार अंक वाचा. नगरवाचनालयात किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात जुने अंक बहुधा एखाद्या कपाटात पडलेले असतात. नसतील तर वार्षिक वर्गणी भरा. वर्गणीदाराची कथा लवकर छापली जाते असं नाही, पण अंकाचा कल कळतो. कुणी दीर्घकवितेला पानं सोडतं, कुणाला समीक्षाच हवी असते, कुणी अनुवादाला जागा देतं. हे ठाऊक नसताना एकच कथा दहा ठिकाणी पाठवणारे पुष्कळ आहेत, आणि संपादकांना ते लगेच ओळखू येतात.

आता बोलीचं. आपल्याकडच्या लेखकाची खरी अडचण इथं आहे. वऱ्हाडीत लिहिलं तर पुण्या-मुंबईच्या संपादकाला कळेल का, या धास्तीनं पुष्कळ जण कथा आधीच 'साफ' करून पाठवतात. मग बांधावरचा माणूस मास्तरासारखा बोलायला लागतो. ही धास्ती बिनबुडाची आहे. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहे. कादंबरीकार उद्धव शेळक्यांची पात्रं वऱ्हाडी बोलली आणि महाराष्ट्रभर वाचली गेली.

संपादक अडतो तो बोलीवर नाही, धरसोडीवर. एका पानावर 'काहून', दुसऱ्यावर 'काऊन', तिसऱ्यावर 'का' असं आलं, की लेखकालाच आपली भाषा पक्की माहीत नाही असं वाटतं. मुद्रितशोधकाचाही नाइलाज होतो. तो जमेल तिथं प्रमाण रूप करून टाकतो. माझी पद्धत सांगतो. कथेत येणाऱ्या बोलीरूपांची एक यादी करायची, प्रत्येकाचं एकच लेखन ठरवायचं आणि ती यादी कथेसोबत पाठवायची. 'ही रूपं अशीच ठेवावीत' एवढी एक ओळ वर पुरते. एका संपादकांनी तर मला ही यादी पुढच्या कथेसोबतही मागितली.

कथेच्या शेवटी शब्दार्थ द्यायच्या मात्र मी विरोधात आहे. 'पऱ्हाटीला बोंडं धरली' म्हटलं की पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड, हे वाचणाऱ्याला कळतं. वाक्यातून अर्थ उमगत नसेल तर वाक्य पुन्हा लिहावं. अहिराणीचं थोडं वेगळं आहे. तिची क्रियापदंच इतकी निराळी, की सगळं निवेदन अहिराणीत असेल तर आधी संपादकाला विचारलेलं बरं. आणि बोली म्हणजे शिव्या आणि विनोद, असं समजून लिहिलेल्या कथा हल्ली ढिगानं येतात. त्यात भर घालू नका.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, सोबत पीडीएफ जोडा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटांमधलं युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं तुटतात, आणि वऱ्हाडीत तर 'ऱ्ह'वाचून पान हलत नाही. पत्र चार ओळींचं असावं. बक्षिसांची यादी नको. दिवाळी अंकासाठी पाठवायचं तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवलेलं बरं.

उत्तराला दोन-तीन महिने लागतात. तोवर तीच कथा दुसरीकडे देऊ नये. अगदीच राहवलं नाही तर एक आठवणीचं पत्र लिहून, मोकळं होऊन मग द्यावी. 'साभार परत' आलं आणि त्यात कारणाची एखादी ओळ असली, तर त्या संपादकाला पुढची कथा जरूर पाठवा. मानधन बहुधा नसतं, लेखकाची एक प्रत मिळते. मात्र कविता छापायला 'सहयोग निधी' मागणारे प्रातिनिधिक संग्रह वेगळे. त्यांच्यात निवड नावाला असते. तिथं पैसे घालू नका, त्याच पैशांत दोन नियतकालिकांची वर्गणी येते.

छापून आल्यावर त्या अंकाच्या आणखी दोन प्रती विकत घेऊन ठेवा. लहान नियतकालिकं अचानक बंद पडतात, आणि पुढं कधी पुस्तक करायची वेळ आली की पूर्वप्रसिद्धीच्या नोंदीसाठी महिना-वर्ष त्या प्रतीवरूनच घ्यावं लागतं.