आपल्या मतदारसंघाचा इतिहास कसा लिहावा: कसब्याच्या वहीतून

मतदारसंघाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा आमदारांची यादी करून थांबतो. मी पुण्याच्या पेठेतल्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे, तेव्हा मुलंही तेच करून आणायची: वर्ष, नाव, पक्ष. मी वही परत द्यायचे आणि सांगायचे, आधी हद्द शोधा, मग माणसं. शहरात हा क्रम चुकला तर पुढचं सगळंच चुकतं, कारण नाव तेच राहतं आणि त्याच्या आतले रस्ते बदलतात.

सुरुवात घरातूनच करा. मतदार यादीत आपलं नाव जिथे आहे तिथे विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक आणि यादी भाग क्रमांक असतो. कसबा पेठ २१५, शिवाजीनगर २०९, कोथरूड २१०, पर्वती २१२, पुणे कॅन्टोन्मेंट २१४. हे क्रमांक २००८ च्या पुनर्रचनेतले आहेत. त्याआधीचे निकाल क्रमांकावरून शोधू नका, नावावरूनच शोधा.

मग वहीच्या पहिल्या पानावर दोन वर्षं मोठ्या अक्षरांत लिहा: १९७८ आणि २००९. १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या हद्दींवर महाराष्ट्रात पहिली विधानसभा निवडणूक १९७८ साली झाली आणि २००४ पर्यंतच्या सातही निवडणुका त्याच हद्दींत झाल्या. पुढची आखणी २००१ च्या जनगणनेवर झाली आणि २००९ मध्ये ती प्रथम वापरली गेली. म्हणजे शहर नदीपलीकडे, टेकड्यांपलीकडे वाढत होतं आणि मतदारसंघ मात्र तीस वर्षं जागचा हलला नाही. कोथरूड हे त्याचं ठळक उदाहरण. एवढी मोठी वस्ती, पण २००४ पर्यंत त्या नावाचा मतदारसंघच नव्हता, ती मतं शिवाजीनगरात मोजली जायची. उलट भवानी पेठ आणि बोपोडी हे मतदारसंघ २००९ पासून नाहीत. आणखी मागे गेलात तर शुक्रवार पेठ नावाचा मतदारसंघही भेटेल. अशा नाहीशा झालेल्या मतदारसंघांना वहीत स्वतंत्र पान द्या. आज कसब्यात असलेल्या काही पूर्वेकडच्या पेठांचा जुना इतिहास भवानी पेठेच्या निकालांत आहे, कसब्याच्या नाही.

आरक्षणही याच ठिकाणी तपासा. २००४ पर्यंत पर्वती अनुसूचित जातींसाठी राखीव होता, २००९ पासून कॅन्टोन्मेंट राखीव झाला. काँग्रेसचे रमेश बागवे २००४ ला पर्वतीतून आणि २००९ ला कॅन्टोन्मेंटमधून निवडून आले. नुसती यादी वाचणाऱ्याला वाटतं की त्यांनी आपणहून मतदारसंघ बदलला. राखीव जागाच हलली होती, हे हद्दीचा आदेश वाचल्याशिवाय कळत नाही. तो आदेश निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहे. वाचताना एक लक्षात ठेवा: त्यातले वॉर्ड क्रमांक २००१ च्या जनगणनेचे आहेत. महापालिकेचे प्रभाग त्यानंतर अनेकदा बदलले, तेव्हा आजचा प्रभाग नकाशा त्यावर ठेवू नका, काहीही जुळणार नाही.

आता निकाल. आयोगाचे सांख्यिकी अहवाल पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनचे मिळतात. १९५२ आणि १९५७ चे मुंबई राज्याच्या नावाखाली शोधा, महाराष्ट्राचे १९६२ पासून. पण सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणूक नसते, आणि कसब्याची खरी गोष्ट पोटनिवडणुकांतच आहे. १९७८ आणि १९८० ला अरविंद लेले, १९८५ ला काँग्रेसचे उल्हास काळोखे, १९९० ला भाजपचे अण्णा जोशी, १९९५ पासून सलग पाच वेळा गिरीश बापट. १९९० नंतर थेट १९९५ वाचलं तर भाजपची सरळ रेघ दिसते. पण जोशी १९९१ ला लोकसभेवर गेले आणि पोटनिवडणूक काँग्रेसच्या वसंत थोरातांनी जिंकली. पुढे २०१९ ला निवडून आलेल्या भाजपच्या मुक्ता टिळकांच्या निधनानंतर फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर निवडून आले. हेच धंगेकर २००९ ला मनसेकडून लढून बापटांच्या मागोमाग दुसरे आले होते. २०२४ ला भाजपचे हेमंत रासने जिंकले. भाजपचा ‘बालेकिल्ला’ हा शब्द वापरण्याआधी या ओळी शेजारी शेजारी मांडून बघा. मला तो शब्द कसब्याला अर्धाच लागू वाटतो.

हद्द आणि निकाल हाती आले की लोकांकडे वळा. हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, आणि यालाच सगळे टाळतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतली हजारो घरं गेली. माझ्या सासूबाईंनी १९५७ चं मत शनिवार पेठेतून दिलं होतं, १९६७ चं सहकारनगरातून. सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर या वसाहतींत जुन्या पेठकऱ्यांना एकच प्रश्न विचारा: पूर येण्याआधी कोणत्या शाळेत मत द्यायला जायचात? लोकांना उमेदवार आठवत नाही, शाळा आठवते. शाळेवरून जुनं केंद्र सापडतं.

आजही हे स्थलांतर थांबलेलं नाही. वाडा पडतो, कुटुंब कोथरूडला किंवा सिंहगड रस्त्याला जातं, नाव पेठेच्या यादीत राहतं. निवडणुकीच्या ड्युटीवर आमच्या हातात एएसडी यादी असायची: गैरहजर, स्थलांतरित, मयत. पेठेतल्या केंद्रांवर ती किती लांबलचक असते हे पाहिलं, की नुसत्या मतदानाच्या टक्केवारीवरून पेठकऱ्यांना उदासीन म्हणणं मला पटेनासं झालं. टक्केवारी लिहाल तेव्हा तिच्याशेजारी वाडे पडल्याची नोंदही लिहा.

केंद्रनिहाय मतांसाठी फॉर्म २०, म्हणजे निवडणुकीचं अंतिम निकालपत्रक, पाहा. केंद्र क्रमांक दर निवडणुकीला सरकतात, म्हणून तक्ता शाळेच्या नावाने करा. वर्तमानपत्रांसाठी नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय किंवा बुधवार पेठेतलं पुणे नगर वाचन मंदिर गाठा. निकालाच्या दिवसाचा अंक सगळेच बघतात, तुम्ही अर्ज मागे घेण्याच्या मुदतीनंतरचा अंक मागा. कोण कोणासाठी बसलं हे तिथेच कळतं.

आणि हे काम लांबवू नका. विधानसभेच्या जागांची फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे, त्यानंतर हद्दी पुन्हा हलतील. तेव्हा या वर्षीच आपल्या यादी भागांची नावं, त्यांतले रस्ते आणि केंद्र असलेल्या शाळा एका कागदावर उतरवून, तारीख घालून ठेवा.