लग्नाच्या अल्बममधला देव ठाण्यात चालत नाही

मी चित्रकलेचा मास्तर. मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात तीस वर्षं फळ्यावर आंबे आणि कलश काढले, निवृत्त झालो आणि गावाने देवस्थानच्या विश्वस्तांत माझं नाव घातलं. दुसऱ्याच वर्षी, सोयाबीनच्या सोंगणीत, अख्खं गाव थकून झोपलेलं असताना आमच्या लक्ष्मीनारायणाची उत्सवमूर्ती गेली. कडीकोयंडा कापलेला, समई जागच्या जागी.

ठाण्यात पहिलाच प्रश्न आला, मूर्ती कशी होती? आम्ही पाच जण गेलो होतो. एक म्हणाला वीतभर, दुसरा म्हणाला हातभर. एकाच्या मते गरुड होता, दुसऱ्याच्या मते नव्हता. फोटो मागितला तेव्हा गावभर शोध घेतला आणि सापडला तो एका लग्नाच्या अल्बममध्ये. नवरा-नवरी पुढे, देव मागे. शालीत गळ्यापर्यंत, झेंडूच्या हारात नाकापर्यंत. दिसत होते ते फक्त डोळे, आणि तेही वरून लावलेले चांदीचे. फिर्यादीत शेवटी लिहिलं गेलं : ‘पिवळ्या धातूची मूर्ती, अंदाजे एक फूट’.

सात-आठ महिन्यांनी शेजारच्या जिल्ह्यात काही मूर्ती पकडल्या. आम्ही गेलो. आणखी दोन गावांचे लोक आले होते. एकाच मूर्तीला तिन्ही गावं ‘हाच आमचा’ म्हणत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही छातीठोक सांगता येईना. रिकाम्या हाताने परतलो. त्यानंतर मी जी वही केली, ती कशी करायची ते इथे लिहितो. ज्यांच्या गावात देऊळ आहे, मठ आहे, किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत शेतातून निघालेले चार दगड ठेवून ‘संग्रहालय’ म्हटलं जातं, त्या सगळ्यांना ती लागू पडते.

आधी कुलूप नाही, आधी वही. लोक उलटं करतात. चोरी झाली की वर्गणी काढून कॅमेरे बसवतात, पण देवळात एकूण काय काय आहे हे कागदावर नसतंच. जे लिहिलेलंच नाही ते गेलं हे सिद्ध कसं करणार? संग्रहालयांसाठी १९९७ पासून ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाची एक साधी पद्धत आहे. वस्तू कोणती, कशाची, केवढी, त्यावर काय कोरलंय, ओळखीची खूण कोणती, विषय काय, काळ कोणता, कोणी घडवली, आणि फोटो. शाळेच्या जाड फुलस्केप वहीत एका वस्तूला दोन पानं दिली की झालं. पानांना आधी नंबर टाका, म्हणजे पान फाडलं तर कळतं. खाडाखोड झाली तर एकच रेघ मारून बाजूला सही करा. पांढरी शाई वापरायची नाही.

लिहिताना एक पथ्य पाळा. दिसतं तेवढंच लिहा. ‘पंचधातू’ नाही, ‘पिवळा धातू’. ‘सोन्याचा मुकुट’ नाही, ‘सोन्यासारखा दिसणारा’, आणि सराफाने तपासून दिल्यावर त्याच्या पावतीचा नंबर खाली. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या ज्याला सोन्याचं पदक म्हणत, ते सराफाने घासून पाहिलं तर चांदीवर मुलामा निघाला. आधी ‘सोनं’ लिहिलं असतं तर उद्या कोणीतरी म्हणालं असतं, विश्वस्तांनी बदललं.

आता फोटो, आणि अडचण इथेच येते. आमचे गुरवआबा तावातावाने म्हणाले, “सर, देवाले उघडं करून फोटो काढता काय? मले पाप लागन.” त्यांचं चुकत नव्हतं. मग उरलेल्या देवांसाठी आम्ही एकादशीची पहाट धरली. अभिषेकाला देवाची वस्त्रं उतरतातच. आबांनी स्वतः स्नान घातलं, पुसलं, सभामंडपात स्वच्छ धोतरावर पाट मांडून त्यावर देव ठेवला, आणि फूटपट्टीसुद्धा त्यांनीच धरली. आम्ही कोणी मूर्तीला हात लावला नाही. वीस मिनिटांत काम झालं, मग पोशाख, मग आरती. देव जितके हलवायचे तितके त्या एका सकाळीच हलवले.

फोटो मोबाईलचा चालतो, पण फ्लॅश बंद ठेवा. धातूवर फ्लॅश पडला की नाकडोळे पांढरे होतात. सावलीतला दिवसाचा उजेड सगळ्यात चांगला. समोरून, मागून, दोन्ही कुशीतून, वरून, आणि मूर्ती उचलता येत असेल तर बुडाचा. बुडाचा फोटो कोणीच काढत नाही, आणि नेमकी तिथेच ओतकामाची खूण, डाग, जुना नंबर सापडतो. चोर वरून पॉलिश मारेल, हात तोडून नवा लावेल, बुडाकडे त्याचं लक्ष जात नाही. प्रत्येक फोटोत पट्टी हवी. पाषाणाची मूर्ती शेंदराने गुळगुळीत झाली असेल तर जेवढं उघडं आहे तेवढंच टिपा, शेंदूर खरवडू नका.

झीज हीच ओळख. आमच्या मारुतीच्या डाव्या गुडघ्यावर एक टवका आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याचा वेगळा फोटो जवळून काढला, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. अक्षरं अस्पष्ट असतील तर रात्री दिवे बंद करून एका कडेने टॉर्च मारा. आमच्या जुन्या घंटेवर तीस वर्षं कोणाला न दिसलेला शकाचा आकडा त्या उजेडात उठून आला. आणि चिंच-राखेने घासणं कमी करा. दर सणाला थोडं थोडं अक्षर आपणच पुसत असतो.

वजन किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर केलं. पाच जणांसमोर, आधी रिकाम्या पाटाचं, मग पाटासकट देवाचं. मूर्तीवर रंगाने नंबर मात्र टाकू नका. संग्रहालयात टाकतात, पण तिथली वस्तू पूजेत नसते.

हे फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले की बारीक होतात, खुणा जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एक पेनड्राइव्ह देवस्थानात, एक पोलीस पाटलाकडे, एक गावाबाहेर राहणाऱ्या कोणा भरवशाच्या माणसाकडे. छापील प्रत ठाण्यात द्या आणि पोच घ्या. फेसबुकवर ‘आमचा पुरातन ठेवा’ म्हणून गाभाऱ्याच्या कुलपासकट फोटो टाकू नका, ही हौस फार महागात पडते.

फोटोने किती फरक पडतो? १९६१ साली नालंदाच्या संग्रहालयातून चौदा मूर्ती गेल्या. त्यातली एक बुद्धमूर्ती २०१८ मध्ये लंडनच्या एका विक्रेत्याकडे ओळखू आली आणि परत आली. सत्तावन्न वर्षांनी. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतनचा नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये सुमारे पन्नास लाख डॉलरला विकत घेतला होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने ती मूर्ती देवळातच असताना काढलेले फोटो पुढे आले, आणि २०१४ मध्ये नटराज भारतात आला. ते देऊळ ओस पडलेलं होतं, चोरीचा पत्ताच लवकर लागला नाही. म्हणून ज्या देवळात रोज पूजा होत नाही, तिथे महिन्यातून एक दिवस कुलूप उघडून वहीशी ताडून पाहा आणि खाली तारीख टाका.

किल्लीची गोष्ट. आमची किल्ली तुळशी वृंदावनाच्या कोनाड्यात असायची आणि हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आता दोन कुलपं, दोन घरांत दोन किल्ल्या, आणि किल्लीची वेगळी वही. कोणी नेली, किती वाजता, परत कधी. गुरव बदलला, विश्वस्त बदलले, सप्ताहाला दागिने बाहेर काढले, की दोन्ही बाजूंनी मोजून सही. पहिल्यांदा आबांना राग आला. “माह्यावर भरोसा नाही काय तुमचा?” मी म्हटलं, आबा, उद्या काही कमी पडलं तर ही सहीच तुमच्या बाजूने बोलेल. आता ते स्वतःच पेन मागतात.

सोन्याचे दागिने गावात ठेवूच नका. दिवेआगरच्या सुवर्णगणेशावर मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदारांचा जीव गेला आणि सोनं वितळवलं गेलं. वितळलेल्या सोन्याला ना नाक ना डोळे, तिथे फोटोही काही करू शकत नाही. बँकेचं लॉकर, दोघांच्या सहीने. आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याला हातात काठी देऊन गाभाऱ्यासमोर झोपवणं हा बंदोबस्त नव्हे.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. रेकॉर्डिंगचा डबा देवळात असेल तर चोर तोही घेऊन जातो. तो दुसऱ्या घरात, इन्व्हर्टरवर ठेवा. अंधारातही टिपणाऱ्या कॅमेऱ्यासमोर कोळी हमखास जाळं करतो आणि पडद्यावर फक्त पांढरा धूर दिसतो, म्हणून दर पंधरवड्याला झाडू फिरवा.

सरकारी बाजू. देवस्थान नोंदणीकृत असेल तर धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीत जंगम मालमत्ता चढलेली आहे का ते नक्कल काढून पाहा. आमच्या नकलेत ‘देवाची भांडी’ एवढंच होतं. मूर्ती शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली नोंदणीचं विचारा, आमच्या विदर्भासाठी राज्य पुरातत्त्व विभागाचं कार्यालय नागपूरला आहे. विहीर खणताना मूर्ती निघाली तर गुपचूप ओटा बांधायची घाई करू नका, तहसीलदारांना लेखी कळवा. आमच्या मेहकरचा बालाजी १८८८ मध्ये जमिनीतूनच निघाला. तो कोणी काखोटीला मारून नेईल असा नाही, पण शेताच्या बांधावरची दोन फुटी मूर्ती मोटारसायकलवर सहज जाते.

आणि तरीही चोरी झालीच तर? गाभाऱ्यात गर्दी करू नका. आमच्याकडे दीडशे माणसं आत जाऊन आली, पायांचे ठसे काय उरणार. ११२ ला फोन करा, दार ओढून घ्या, बाहेर दोन माणसं उभी करा. फिर्यादीला वहीची दोन पानं आणि फोटो जोडा, म्हणजे वर्णन शब्दशः तेच उतरेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये प्रार्थनास्थळातल्या मूर्तीच्या चोरीचा स्वतंत्र उल्लेख आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ते कलम लागलं का पाहा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, घेऊनच निघा. इंटरपोलची चोरीच्या कलाकृतींची यादी असते, तिथे आपण थेट नाव घालू शकत नाही. ते सीबीआयमार्फत जातं, तशी लेखी विनंती तपासी अधिकाऱ्याकडे करा.

मूर्ती सापडली तरी ती लगेच देवळात येत नाही. ती मुद्देमाल असते. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, मिळावी म्हणून कोर्टात अर्ज करावा लागतो. सोबत विश्वस्तांचा ठराव, वहीची साक्षांकित प्रत, फोटो. आणि ओळख पटवायला जाताना अध्यक्षाला नाही, गुरवाला न्या. रोज पहाटे देवाला हाताने स्नान घालणारा माणूस डोळे मिटूनही सांगतो, कोणत्या खांद्यावर खळगा आहे ते.