जुन्या व्हिडिओ गेमच्या संगीताचं रिमिक्स कसं पारखायचं

अमळनेरात माझं साउंड भाड्यानं द्यायचं काम आहे आणि मागच्या खोलीत छोटा स्टुडिओ. दिवसभर अहिराणी गाण्यांचं मिक्सिंग चालतं. पण अलीकडे पारोळा, चोपडा, धुळ्याकडची पोरं मला वेगळ्याच फाइली पाठवू लागली आहेत. कॉन्ट्राचं हार्डस्टाइल, मारिओचं ड्रम अँड बेस, टेट्रिसचं टेक्नो, म्हणजे जुन्या गेमच्या चाली नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात बसवलेल्या. खाली एकच ओळ असते, ‘कसं वाटनं, भाऊ?’ नुसतं ‘भारी शे’ म्हणून मोकळं व्हायला मला जमत नाही. पोरानं त्यापायी रात्री जागवलेल्या असतात. असं रिमिक्स मी कसं ऐकतो ते लिहितो.

आधी मूळ संगीत ऐका. ते तोंडपाठ आहे असं वाटत असलं तरी ऐका, कारण आपल्याला पाठ आहे ते बहुतेक वेळा मूळ नसतंच. आपण ते पिवळ्या कॅसेटच्या नकली मशीनवर ऐकलंय. जपानचा फॅमिकॉम, म्हणजे या नकली मशीनचं मूळ, १९८३ साली आला तो ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या टीव्हीसाठी, आणि त्यातल्या गाण्याची लय पडद्याच्या फ्रेमवर मोजली जायची. आपले तेव्हाचे टीव्ही ५० हर्ट्झचे. ५० हर्ट्झच्या नकली मशीनवर तेच गाणं साधारण सहाव्या हिश्श्यानं संथ वाजतं. वर काही नकली चिपमध्ये २५ आणि ५० टक्के रुंदीच्या चौकोनी लहरींची (चिपनं तयार केलेल्या साध्या आवाजाचा एक प्रकार) अदलाबदल झालेली असते, म्हणजे आवाजाचा पोतही बदललेला. पोरगं मूळ रेकॉर्डिंग समोर ठेवून काम करतं आणि आपण लहानपणीच्या आठवणीवर निकाल देतो. हा त्याच्यावर अन्याय आहे. ‘फार पळवलंय रे’ म्हणण्याआधी मूळच तितकं पळतं का ते बघा.

मूळ ऐकताना मी कागदावर तीन गोष्टी टिपतो. वरची चाल, खालचा बेस आणि ताल. फॅमिकॉमच्या चिपमध्ये आवाज मोजून पाच. दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी, एक नॉइज म्हणजे खरखर, आणि एक छोट्या सॅम्पलसाठी, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या तुकड्यासाठी. बेस बहुतेक त्रिकोणी लहरीकडे, आणि तिचा आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही. चालू नाहीतर बंद. जोर दाखवायचा तर संगीतकाराकडे उड्या मारणारे सूर आणि नेमक्या जागी सोडलेली रिकामी जागा एवढंच हत्यार. कॉर्डसाठी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांसाठीही आवाज पुरत नसत, म्हणून तिचे तीन सूर एकाच आवाजात इतक्या झपाट्यानं फिरवायचे की कानाला ते एकत्र लागावेत. त्याला आर्पेजिओ म्हणतात, आणि जुन्या गेमच्या संगीताची ती ओळखीची थरथर तिथूनच येते. या तिन्ही गोष्टींचं रिमिक्समध्ये काय झालं, हे मला सगळ्यांत आधी बघायचं असतं.

बहुतेक पोरं वरची चाल तेवढी उचलतात आणि बाकी सगळं फेकून देतात. पारोळ्याच्या एका मुलाच्या कॉन्ट्रामध्ये हेच झालं होतं. पहिल्या जंगलाच्या लेव्हलची चाल सुपरसॉ नावाच्या जाड सिंथ आवाजात, खाली १५० बीपीएमचा (मिनिटाला १५० ठोके) हार्डस्टाइल किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, आणि बेस म्हणून एकच सूर धरलेला. पहिल्यांदा ऐकताना अंगावर येतं. दुसऱ्यांदा ऐकलं की लक्षात येतं, चाल पुढे धावतेय आणि खालची जमीन जागची हलत नाहीये. त्याला मी मूळ बेस आठवडाभर फक्त हेडफोनवर ऐकायला सांगितलं. नंतरच्या फाइलमध्ये त्यानं किकच्या दोन ठोक्यांमधल्या जागेत बेसच्या त्याच उड्या बसवल्या, सूर तेच, आवाज आजचा. किक पडला की बेस क्षणभर दबतो आणि लगेच उसळून वर येतो. याला साइडचेन म्हणतात आणि ती आजकाल सगळेच लावतात, पण इथे तिला काम होतं, कारण दबायला आणि उसळायला खाली खरोखरचा बेस होता. चाल, किक, स्पीड काही बदललं नव्हतं, तरी गाणं दुप्पट जोरकस वाटत होतं.

जोर कशात असतो याचं उत्तर गेमच्याच संगीतात आहे. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये खाली उतरणारे फक्त चार सूर आहेत. शत्रू कमी होत जातात तसे ते जलद होतात आणि खेळणाऱ्याचे हात घामेजतात. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये वेळ १०० च्या खाली गेली की संगीतकार कोजी कोंडोंची तीच चाल पळू लागते. म्हणजे आधी काय होतं आणि आता काय झालं, या फरकात जोर असतो. पहिल्या सेकंदापासून सगळं पूर्ण ताकदीनं वाजवलं तर वर जायला जागाच उरत नाही. म्हणून ड्रॉपच्या, म्हणजे सगळं एकदम जोरात सुरू होतं त्या जागेच्या आधीचे १६ बार (चार ठोक्यांचा एक बार) मी नीट मोजून ऐकतो. १५० बीपीएमला ते साधारण साडेपंचवीस सेकंद होतात, आणि एवढ्या वेळात काहीतरी काढून घेतलेलं मला ऐकू यायला हवं. आधी बेस, मग किक. चालीचाही शेवटचा सूर अडवून धरला तर फारच छान. नुसता स्नेअर ड्रम जलद करत नेऊन वर शिट्टीसारखा आवाज चढवला असेल तर तो कुठल्याही गाण्याला चिकटेल असा तयार माल आहे. त्याला मी जास्त गुण देत नाही.

स्पीडचंही बघा. संथ चाल ओढूनताणून १७० बीपीएमवर नेली की सूर एकमेकांवर आदळतात. ड्रम जलद ठेवून चाल अर्ध्या लयीत सोडली तर दोन्ही मोकळे राहतात, आणि वरातीत नाचणाऱ्यालाही पाय टाकायला जागा मिळते.

सगळ्या मूळ संगीताला एकच माप लावू नका. युझो कोशिरोंचं १९९१ चं स्ट्रीट्स ऑफ रेज मुळातच क्लबच्या हाउस आणि टेक्नोवर बेतलेलं आहे. त्यावर फक्त मोठा किक चढवणं म्हणजे काहीच न करणं. तिथे रिमिक्सवाल्यानं नवी वाट काढली का, ते विचारा. टेट्रिसची प्रसिद्ध चाल रशियन लोकगीताची आहे. तेव्हा रिमिक्स गेमबॉय या हातातल्या मशीनवरच्या १९८९ च्या मांडणीचं आहे की नुसत्या लोकगीताचं, हे बेस ऐकला की कळतं.

आता आवाजाची बाजू. मूळ आणि रिमिक्स, दोन्ही फाइली आवाजाच्या एकाच पातळीवर आणल्याशिवाय तुलना करू नका. जे मोठं वाजतं ते चांगलं वाटतं, माझ्यासारख्या रोज हेच करणाऱ्यालाही. लाऊडनेस मीटर लावा, नाहीतर कानानं जुळवा. पोरं लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) दाबून दाबून फाइल विटेसारखी सपाट करतात. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी ती आपोआप -१४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या जोराचं माप) आसपास खाली आणली जाते. आवाज जातो आणि चिरडलेला किक तेवढा मागे राहतो. चौकोनी लहर मोठ्या टॉपवर (उंच सुरांच्या स्पीकरवर) फार टोचते, त्यामुळे तिच्यावरची धार थोडी कापली आहे का ते ऐका. हेडफोन, मोबाइलचा स्पीकर आणि जमलं तर मोठा टॉप-बेस, तिन्हीवर ऐका. मोबाइलवर खोल बेस येतच नाही, तरीही चाल आणि बेसचं नातं कळलं तर मिक्स चांगलं. फाइल व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, वेव्ह, म्हणजे दर्जा न घटवलेली फाइल, असेल तर उत्तमच. आणि रात्री वरात वाजवून आल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी निकाल देऊ नका. कान बधिर असतात, सगळंच मऊ लागतं.

शेवट जरूर तपासा. गेमचं संगीत लेव्हल संपेपर्यंत फिरत राहावं म्हणून लिहिलेलं, बहुतेकदा त्याला शेवटच नसतो. तो रिमिक्सवाल्यालाच बांधावा लागतो. आवाज हळूहळू कमी करत नेणं ही पळवाट झाली. चोपड्याच्या एका पोरानं सगळे थर एकेक करून काढले आणि शेवटी फक्त मूळ त्रिकोणी बेस दोन बार वाजू दिला. मी ते लगेच पुन्हा लावलं.

मत कळवताना वेळ लिहून कळवा. ‘१ मिनिट १२ सेकंदाला चाल येते तेव्हा बेस गायब होतो’ असं लिहिलं की पोरगं त्याच रात्री प्रोजेक्ट उघडतं. चांगलं काय झालं तेही वेळ टाकूनच लिहा, म्हणजे ते सुधारण्याच्या नादात पुसून टाकणार नाही. आणि फाइलच्या नावात मूळ संगीतकाराचं नाव नसेल तर ते आधी घालायला सांगा.