घाटासाठी मोटारसायकलच्या सस्पेन्शनची जुळणी : सोलापुरातून निघण्यापूर्वी करायचे काम

सोलापूरच्या आसपासचे रस्ते बहुतांशी सपाट आणि सरळ असल्यामुळे मोटारसायकलच्या सस्पेन्शनमधील दोष इथे वर्षानुवर्षे झाकलेला राहतो. पुण्याच्या रस्त्याला लागा की विजापूरच्या, गाडी नाकासमोर चालते. तोच दोष घाटातल्या पहिल्या तीव्र वळणावर उघडा पडतो. मी पहिल्यांदा हिमालयातल्या स्पितीला निघालो तेव्हा मागे दोन्ही बाजूंना पेट्या आणि वर तंबू बांधला होता. चढाच्या प्रत्येक वळणावर गाडी बाहेरच्या कडेकडे ओढली जात होती आणि मी पूर्ण प्रवासभर टायरला दोष देत राहिलो. परत आल्यावर मोजमाप घेतले, तेव्हा टायर निर्दोष निघाला. सामानाच्या भाराने मागचा शॉकअप इतका बसला होता की गाडीचा सगळा तोलच मागे गेला होता.

हे असे का होते, ते आधी नीट समजून घ्यावे, कारण पुढची सगळी कामे त्यावरच अवलंबून आहेत. मागची बाजू खाली बसली की पुढची उचलली जाते, फोर्कचा, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा, कल वाढतो आणि पुढच्या चाकावरचा भार कमी होतो. दोन चाकांमधले अंतर १,४०० मिलिमीटरच्या आसपास असलेल्या गाडीची मागची बाजू २५ मिलिमीटर खाली गेली, तर फोर्कचा कल साधारण एका अंशाने बदलतो. हा एक अंश सपाट रस्त्यावर जाणवणारही नाही. चढाच्या वळणावर मात्र गुरुत्वाकर्षण आणि इंजिनाचा जोर दोन्ही मिळून आणखी भार मागे ढकलतात, आणि हँडल वळवूनही गाडी वळायला तयार होत नाही. उतारावर याच्या उलट घडते. ब्रेक दाबताच पुढचे फोर्क खोल दबतात, मागचे चाक हलके होते आणि खड्डा पचवण्यासाठी फोर्कमध्ये जागाच उरत नाही.

मोजमापाला हात घालण्यापूर्वी टायरमधील हवा, हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) आणि स्विंगआर्मचे, म्हणजे मागचे चाक धरून वरखाली हलणाऱ्या दांड्याचे, बुश तपासून घ्यावेत. बुशमध्ये ढिलेपणा असेल तर पुढची कोणतीही जुळणी व्यर्थ आहे. आपल्याकडच्या धुळीने आणि पावसाळ्यातल्या काळ्या मातीच्या चिखलाने फोर्कचे ऑइल सील लवकर खराब होतात. फोर्कच्या नळीवर तेलाचे ओले कडे दिसत असेल तर आधी सील बदलावेत.

आता मुख्य काम, म्हणजे गाडी आपल्या वजनाखाली किती बसते ते मोजणे. यासाठी दोन मदतनीस, एक टेप आणि एक वही लागते. मागच्या चाकाच्या आसाच्या बरोबर वर, सीटच्या खाली चेसिसवर खडूने एक खूण करावी. चाक जमिनीपासून पूर्ण उचलून आस ते खूण हे अंतर घ्यावे. हे पहिले माप. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करून, रिकामी असताना दुसरे माप घ्यावे. नंतर जॅकेट, हेल्मेट, बूट आणि प्रवासात नेणार तेवढे सगळे सामान घेऊन स्वार सीटवर बसल्यावर तिसरे माप घ्यावे. घर्षणामुळे गाडी प्रत्येक वेळी नेमक्या त्याच ठिकाणी थांबत नाही, म्हणून एकदा दाबून सोडून आणि एकदा उचलून सोडून, अशी दोन मापे घेऊन त्यांची सरासरी धरावी. पुढच्या बाजूलाही हेच करावे.

पहिल्या मापातून तिसरे वजा केले की स्वारासह गाडी किती बसते ते कळते. ते एकूण प्रवासाच्या, म्हणजे चाक वरखाली जेवढे हलू शकते त्याच्या, २५ ते ३३ टक्के असावे. रॉयल एनफील्डच्या जुन्या ४११ सीसी हिमालयनला पुढे २०० आणि मागे १८० मिलिमीटर प्रवास आहे, म्हणजे मागे सुमारे ५४ मिलिमीटर बसणे योग्य. हीरोच्या एक्सपल्स २०० ला पुढे १९० आणि मागे १७० आहे, तिथे मागे ५१ च्या आसपास धरावे. माझ्या गाडीचे माप सामानासह ८० च्या पुढे होते.

माप जास्त आले तर मागच्या स्प्रिंगची रिंग सी-पान्याने आवळावी. रिंगेचे आटे आधी ब्रशने स्वच्छ करून त्यांना थोडे तेल लावावे. आट्यांत माती अडकलेली असताना जोर लावला तर मऊ धातूचे आटे कायमचे जातात. शॉकअपवर रिंग जेवढी सरकते त्याच्या साधारण दोन ते तीन पट फरक चाकाशी पडतो, तेव्हा एका वेळी एकच फेरी द्यावी आणि पुन्हा मोजावे.

इथे एक गैरसमज दूर करणे मला फार आवश्यक वाटते. रिंग आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडीची उंची बदलते. साधी, एकसारख्या वेटोळ्यांची स्प्रिंग पुढचा प्रत्येक मिलिमीटर दबायला पूर्वीइतकाच जोर घेते. स्प्रिंग आपल्या वजनाला योग्य आहे की नाही, हे दुसऱ्या मापावरून, म्हणजे पहिल्यातून ते वजा करून, ओळखावे. स्वारासहचे माप बरोबर आणल्यावर रिकामी गाडी अजिबात बसत नसेल, तर स्प्रिंग मऊ आहे, कारण तिला अतिशय आवळूनच आपण उंची गाठली आहे. याउलट रिकामी गाडीच पुष्कळ बसत असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. ऐकायला हे उलटे वाटते आणि म्हणूनच अनेक जण चुकीची स्प्रिंग विकत घेतात. मागच्या बाजूला रिकाम्या गाडीचे १० ते २० मिलिमीटर बसणे ठीक समजावे.

पुढच्या फोर्कला बाहेरून जुळणी नसेल तर फोर्कच्या आत स्प्रिंगवर बसणाऱ्या छोट्या नळीची (स्पेसरची) लांबी वाढवून उंची साधता येते. लेथवाल्याकडून नेमक्या मापाचे, दोन्ही तोंडे काटकोनात असलेले तुकडे करून घ्यावेत आणि दोन्ही फोर्कमध्ये सारखेच घालावेत. उतारावर फोर्क फारच दबत असतील तर तेलाची पातळी पाहावी. स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, फोर्कच्या नळीच्या तोंडापासून तेलापर्यंतचे अंतर मोजतात. तेल वर आणले की आतली हवेची पोकळी लहान होते आणि फोर्क शेवटच्या टप्प्यात अधिक विरोध करतात. कंपनीच्या पुस्तिकेतील मापापासून ५ मिलिमीटरच्या टप्प्यानेच पुढे जावे. जास्त तेलाने सील फुटतात. मागचा गॅस भरलेला शॉकअप मात्र घरी कधीही उघडू नये, त्यातील नायट्रोजन मोठ्या दाबाखाली असतो.

शॉकअपच्या जोडणीतील लांबी वाढवलेल्या पट्ट्या, कापलेली स्विंगआर्म, वेल्डिंग या वाटेला जाऊ नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि घाटात तुटलेल्या वेल्डिंगला दुरुस्ती नसते.

चाचणीसाठी तुळजापूरचा घाट आपल्याला सोयीचा आहे. कोजागरीला हा रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांचा असतो, ते दिवस सोडून सकाळी लवकर जावे. फोर्कच्या नळीवर एक केबल टाय, ढकलल्यावर सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत घट्ट, बांधावा आणि खाली सरकवून ठेवावा. घाट चढून-उतरून आल्यावर तो जिथे थांबला असेल तिथपर्यंत फोर्क दबले होते. माझ्या गाडीवर तो नळीच्या अगदी वरच्या टोकाशी, धुळीच्या रेघेच्याही वर जाऊन अडकला होता. तेल ५ मिलिमीटर वर आणल्यावर १५ मिलिमीटर अलीकडे थांबला. प्रत्येक फेरीत एकच बदल करावा, तोच रस्ता, तेच सामान ठेवावे आणि फेरी संपताच वहीत लिहावे.

मागची उंची बदलली की साखळीचा ताणही बदललेला असतो. तो स्विंगआर्मचा खिळा (ज्याभोवती ती हलते तो), मागचा आस आणि पुढचे स्प्रॉकेट एका रेषेत असताना तपासावा, कारण त्या स्थितीत साखळी सर्वांत जास्त ताणली जाते. मे महिन्यात ४२ अंशांवर सोलापुरात केलेली जुळणी हिमालयात गोठणबिंदूजवळ तशीच लागू पडत नाही. थंडीत तेल घट्ट होते आणि गाडी दबल्यावर सावकाश वर येते. म्हणून सी-पाना आणि वही सामानात वर ठेवावी आणि मनालीच्या पुढे पहिल्या थंड सकाळी मापे पुन्हा एकदा घ्यावीत.